चौघांची रजा आणि लिस्बनचे चार दिवस



माझ्यासारख्या कामगार संघटनेच्या माणसाला व्याख्यानाला बोलावले, म्हणजे तो बोनसवर, नाही तर नव्या कामगार संहितांवर बोलणार, अशी श्रोत्यांची तयारी असते. आज मी बोलणार आहे ते आम्ही चार मित्र येत्या जून महिन्यात चार दिवस लिस्बनला जाण्याचा जो बेत करीत आहोत त्याविषयी. लिस्बन ही पोर्तुगालची राजधानी. विषय हलका वाटेल. परंतु दोन वर्षे मी या बेतात गुंतलो आहे, आणि त्यात रजा, पगार, कागदपत्रे, कंत्राटी पद्धत, तुरुंग अशा माझ्या धंद्यातल्या सगळ्या गोष्टी एकामागून एक आल्या. तेव्हा हा विषय माझाच आहे असे मी धरून चालतो.

संघटनेतल्या एका तरुण कार्यकर्त्याने मला विचारले, "काका, कामगारांचा माणूस युरोपात मौज करायला जातो हे बरे दिसेल का?" प्रश्न सरळ होता, म्हणून उत्तरही सरळ द्यावे लागले. मुंबईतल्या गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी मिळाली ती १० जून १८९० पासून. नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यासाठी सभा भरवल्या, सह्या गोळा केल्या, वर्षानुवर्षे तगादा लावला. त्या माणसाने कामगारांसाठी पैसा मागितला तसा वेळही मागितला. पुढे १९३६ साली फ्रान्समध्ये कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने मिळाली आणि पॅरिसचे कामगार आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहायला निघाले. त्याच वर्षी जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने वर्षाला निदान सहा दिवसांच्या भरपगारी रजेचा करार संमत केला. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याने वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस रजा दिली. इतक्या लोकांनी इतक्या खटपटी करून मिळवलेली वस्तू ट्रंकेत घालून ठेवायची आणि निवृत्तीच्या दिवशी तिचे पैसे करून घ्यायचे, यात कसले आले साधेपण? रजा वापरायची असते. लोखंड्यांच्या लढ्यात रोख मोबदल्याचे कलम नव्हते.

आता आम्ही चौघे कोण ते सांगतो. नावे सांगत नाही, कारण तिघेही आज सभेत बसलेले आहेत आणि लाजाळू आहेत. पहिला मी. दुसरा आमच्या वेसाव्याच्या कोळीवाड्यातला नाखवा, स्वतःच्या बोटीचा मालक. (मेट्रोच्या पाटीवर वर्सोवा असले, तरी कोळीवाड्यात गावाचे नाव वेसावे असेच आहे.) तिसरा बस कंडक्टर म्हणून नोकरी करून निवृत्त झालेला. चौथा ईस्ट इंडियन ख्रिश्चन. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात चौदा वर्षे कामाला, आणि चौदा वर्षे कंत्राटी. चौघेही पन्नाशीच्या पुढचे. शाळेत एका बाकावर बसलो ते आजतागायत.

जायचे कोठे यावर पहिली सभा झाली. कंडक्टरसाहेबांनी लंडन सुचवले, कारण तेथील दुमजली बस. ईस्ट इंडियन मित्राने रोम सुचवले. कारण सांगण्याची गरज नाही. नाखव्याचे म्हणणे एवढेच, की जेथे बंदर असेल तेथे चला, डोंगर पाहायला मी येणार नाही. मी लिस्बन सुचवले आणि त्याच्या बाजूने एकच पुरावा मांडला. आपण रोज जे शब्द बोलतो त्यांतले काही शब्द त्या गावाहून गलबतात बसून आले आहेत. पाव, चावी, बादली, साबण हे तर पुष्कळांना ठाऊक असतात. परंतु 'पगार' हा शब्दही पोर्तुगीज आहे. कोळणी पहाटे ज्याच्यासाठी धक्क्यावर भांडतात तो 'लिलाव' पोर्तुगीज आहे. आणि 'तुरुंग' हाही पोर्तुगीजच. आयुष्यभर मी पहिल्यासाठी भांडलो, नाखवा दुसऱ्यात उभा राहिला, आणि तिसऱ्यात मी चार वेळा जाऊन आलो. असे शब्द ज्यांनी दिले त्यांचे गाव पाहायला नको का? शिवाय आमच्या खाडीपलीकडे मढला जो किल्ला उभा आहे तो पोर्तुगीजांनी बांधलेला, आणि १७३९ मध्ये वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी घेतलेला. लहानपणी त्या किल्ल्याच्या दिशेने दगड फेकून आम्ही मराठे होत असू. ठराव तीन विरुद्ध एक मतांनी मंजूर झाला. रोमचे मत नोंदवून ठेवले आहे.

मग तारखांचा प्रश्न आला, आणि येथे मला स्वतःच्या इच्छेवर पाणी सोडावे लागले. मला जायचे होते एप्रिलच्या अखेरीस. २५ एप्रिल १९७४ रोजी लिस्बनमध्ये सैन्यातल्या तरुण अधिकाऱ्यांनी अठ्ठेचाळीस वर्षांची हुकूमशाही एका दिवसात उलथून टाकली. लोकांनी शिपायांच्या बंदुकांच्या नळ्यांत कार्नेशनची फुले खोवली, म्हणून तिला फुलांची क्रांती म्हणतात. आणि त्यानंतर अवघ्या सहा दिवसांनी आलेल्या मे दिनाला लाखो माणसे लिस्बनच्या रस्त्यांवर उतरली. त्या रस्त्यावरून २५ एप्रिलला चालावे अशी माझी फार दिवसांची इच्छा. पण नाखव्याची बोट ३१ मेपर्यंत पाण्यात असते. १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीची बंदी. तेवढीच त्याची सुट्टी. त्याआधी त्याला चला म्हणणे म्हणजे कापणीच्या दिवसांत शेतकऱ्याला यात्रेला नेणे. आम्ही एक नियम केला: ज्याची रजा स्वतःच्या हातात सर्वांत कमी, त्याने तारीख सांगायची. नाखव्याने सांगितले, बोट ओढून, जाळी उतरवून, घरची आगोट भरून झाली की दहा जून. मी कॅलेंडर पाहिले. लोखंड्यांच्या रविवारचा तो दिवस! माझी हरकत तेथेच संपली.

दहा जूनची रात्र धरण्यात आणखी एक लाभ निघाला. १३ जून हा संत अँथनीचा दिवस. हा संत जगभर पादुआचा म्हणून ओळखला जात असला तरी जन्मला लिस्बनमध्ये, आणि लिस्बनकर त्याला आपलाच मानतात. त्याच्या आदल्या रात्री अल्फामा नावाच्या जुन्या, चढउताराच्या वस्तीत गल्लोगल्ली शेगड्या पेटतात आणि त्यांवर तारल्या भाजतात. तारली म्हणजे आपल्या तारलीची चुलत बहीण, पण नात्यातलीच. तुळशीच्या जातीच्या एका रोपट्याची कुंडी, तीत चार ओळींच्या कवितेची चिठ्ठी, अशी भेट त्या दिवशी प्रेमिक एकमेकांना देतात. हे ऐकून रोमवाल्या मित्राने आपले विरोधी मत मागे घेतले, आणि नाखव्याने विचारले, भाजताना ते मीठ आधी लावतात की मागाहून? हा प्रश्न तो तेथे जाऊन विचारणार आहे.

पैशाचे सांगतो. प्रत्येकी एक लाख वीस हजारांचा अंदाज धरला: विमान, मुक्काम, खाणे, व्हिसा, विमा सगळे मिळून. दोन वर्षे, महिना पाच हजार. परंतु दर महिन्याला सारखी रक्कम ही कल्पनाच पगारदाराची आहे. नाखव्याला जून-जुलैत उत्पन्न शून्य. म्हणून त्याने दहा महिने सहा हजार भरायचे आणि दोन महिने काही नाही; आम्ही बारा महिने पाच हजार. वर्षाचे साठ हजार दोन्हीकडे सारखेच. इतका साधा हिशेब आहे. तरी बँकेपासून सोसायटीच्या देखभाल वर्गणीपर्यंत तो करायला कोणी तयार नसतो आणि मग दर पावसाळ्यात कोळ्याला 'थकबाकीदार' म्हणतात. हिशेबाची वही कंडक्टरसाहेबांकडे. ज्याने आयुष्यभर रोज सुट्ट्या पैशांचा हिशेब बिनचूक दिला, त्याच्या वहीत चूक काढण्याची कोणाची छाती नाही. चौथ्या मित्राचे मधले तीन हप्ते मुलीच्या प्रवेशामुळे थांबले. संपाच्या फंडात आम्ही एक रीत पाळतो, की हप्ता का चुकला हे विचारायचे नाही, कधी भराल एवढेच विचारायचे. त्याने सणाच्या बोनसमधून भरले.

आता चार दिवसांत पाहायचे काय? येथे खरे मतभेद झाले. सहलीच्या पत्रकांत लिस्बन म्हणजे किल्ला, मठ, मनोरा आणि शेजारच्या सिंत्रा गावचे राजवाडे. ते सुंदर आहेत यात शंका नाही. पण मी मित्रांना एक गोष्ट सांगितली, ती आपल्यालाही सांगतो, कारण आपल्यापैकी तरुणांना ती माहीत नसण्याचा संभव आहे.

सांगलीचा मनोहर आपटे नावाचा तरुण मोहन राणडे हे नाव घेऊन गोव्यात मराठीचा शिक्षक म्हणून गेला, आणि आझाद गोमंतक दलात शिरला. ऑक्टोबर १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस ठाण्यावरील हल्ल्यात गोळ्या लागून तो पकडला गेला. शिक्षा सव्वीस वर्षांची. १९६० मध्ये त्याला पोर्तुगालला नेले आणि लिस्बनजवळच्या काशियासच्या किल्ल्यात ठेवले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. येथे मिरवणुका निघाल्या, पेढे वाटले गेले. आणि ज्यांनी त्यासाठी गोळ्या खाल्ल्या त्यांतला हा माणूस तिकडे कोठडीतच राहिला. सात वर्षे! मुक्त झालेल्या मुलखाचा कैदी, हरलेल्या सरकारच्या तुरुंगात. संगीतकार सुधीर फडके यांनी त्याच्या सुटकेसाठी समिती उभारली आणि लोकांच्या स्मरणातून ते नाव पुसू दिले नाही. जानेवारी १९६९ मध्ये राणडे सुटले. २००१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि जून २०१९ मध्ये ते वारले.

माझ्या हयातीत मी पुष्कळ तडजोडी पाहिल्या आहेत. संप मिटतो, हार घातले जातात, आणि बडतर्फ केलेल्या पाचसात जणांचे प्रकरण 'स्वतंत्रपणे विचारात घेण्याचे' ठरते. ते पाचसात जण मग वर्षानुवर्षे माझ्या कचेरीच्या बाकावर बसलेले असतात. म्हणून राणड्यांची सात वर्षे मला विसरता येत नाहीत. आणि फडक्यांसारखा, गाण्यात रमलेला माणूस ते प्रकरण बंद होऊ देत नाही, याचेही मला मोठे वाटते.

काशियास लिस्बनपासून लांब नाही. काइश दु सोद्रे स्थानकातून नदीकाठाने जाणाऱ्या आगगाडीने वीस-पंचवीस मिनिटे, आपल्या अंधेरी-दादरएवढे. तेथे आजही तुरुंग असल्यामुळे आत जाता येत नाही, बाहेरूनच पाहायचे. १३ जूनला लिस्बनला शहराची सुट्टी असते. ज्या जेरोनिमुश मठात वास्को द गामाची कबर आहे तो मठही त्या दिवशी बंद. आम्ही काशियाससाठी नेमका तोच दिवस ठरवला. बाहेरून पाहायच्या तुरुंगाला सुट्टी नसते. वास्को या खेपेस राहिला. त्याच्यासाठी कोणी फारसा आग्रह धरला नाही.

शेवटचा दिवस पेनिशचा. हे गाव उत्तरेला सुमारे शंभर किलोमीटरवर, समुद्रात घुसलेल्या खडकावर. तेथील किल्ल्यात हुकूमशाहीचा राजकीय तुरुंग होता. गोव्याच्या राष्ट्रीय चळवळीचे जुने पुढारी टी. बी. कुन्हा यांना १९४६ साली शिक्षा देऊन तेथेच ठेवले होते. पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे, डॉ. राम हेगडे यांनाही. आज त्या किल्ल्यात प्रतिकार आणि स्वातंत्र्य यांचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. एप्रिल २०२४ मध्ये ते पूर्णपणे खुले झाले. कंडक्टरसाहेब म्हणाले, दोन दिवस तुरुंग पाहायला एवढे पैसे भरायचे? आर्थर रोड फुकट आहे. त्यांचे म्हणणे अगदीच गैर नव्हते. शेवटी पेनिश पास झाले ते नाखव्याच्या मतावर, आणि त्याचे कारण निराळे. पेनिश हे मोठे मासेमारीचे बंदर आहे. तो धक्क्यावर उतरेल, आम्ही किल्ल्यात जाऊ, आणि दुपारी जेवायला एकत्र. खारवून वाळवलेला कॉड मासा हा त्या देशाचा जीव की प्राण. वेसाव्याच्या वाळूत बांबूच्या मांडवांवर बोंबील सुकवीत वाढलेला माणूस त्याविषयी काय मत देतो, याची आम्हा सर्वांना उत्सुकता आहे.

कंडक्टरसाहेबांची समजूत पहिल्या संध्याकाळने काढली. लिस्बनमध्ये अठ्ठावीस क्रमांकाची जुनी पिवळी ट्राम आहे, चढणीच्या अरुंद गल्ल्यांतून भिंती घासल्यासारखी जाते. मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बंद झाली, तेव्हा हे पाळण्यात होते. ट्रामच्या गोष्टी त्यांनी ऐकल्या त्या वडिलांकडून. ट्रामचे दोन फेरे त्यांच्या नावावर लिहिले आहेत. मात्र तेथे दोरखंडावर ओढली जाणारी एक चढणीची गाडीही होती, ग्लोरिया नावाची. ३ सप्टेंबर २०२५ रोजी तिचा दोर निसटला आणि सोळा माणसे गेली. त्यांत गाडीचा ब्रेक सांभाळणारा कामगारही होता. देखभालीचे काम बाहेरच्या कंपनीकडे दिलेले होते, आणि तेथील कामगार संघटनेने त्याबद्दल पूर्वीच तक्रारी केल्या होत्या असे वृत्तपत्रांत आले. सहलीच्या बेतात अपघात कशाला, असे आपण म्हणाल. पण ज्या उतारावर तो कामगार गेला तेथे आम्ही पाच मिनिटे थांबणार आहोत, आणि ही सूचना माझी नव्हे, कंडक्टरसाहेबांची आहे.

बारा तारखेस सकाळी अल्जुब. अल्जुब हा लिस्बनच्या कॅथेड्रलजवळचा आणखी एक तुरुंग, २०१५ पासून संग्रहालय. तेथून कार्मू चौक, जेथे १९७४ मध्ये हुकूमशहाचा वारस काएतानू शरण आला. शेजारीच १७५५ च्या भूकंपात छप्पर गेलेला मठ तसाच उघडा उभा आहे.

येथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. मी मघाशी भरपगारी रजेची थोरवी गायिली. पण पोर्तुगालच्या हुकूमशहाने, सालाझारने, १९३५ सालीच कामगारांच्या करमणुकीसाठी सरकारी संस्था काढली होती; 'कामातला आनंद' हे तिचे ब्रीद. समुद्रकाठी कामगारांसाठी सुट्टीच्या वसाहती बांधल्या, सहली काढल्या, संगीताचे जलसे केले. आणि त्याआधी दोन वर्षे, १९३३ मध्ये, स्वतंत्र कामगार संघटना मोडून संपाला बंदी घातली होती. म्हणजे कामगाराला समुद्र दाखवायचा, पण तोंड उघडू द्यायचे नाही! आपल्याकडेही असे मालक मी पाहिले आहेत, जे वर्षातून एकदा कामगारांना बसने रिसॉर्टवर नेतात, टोप्या वाटतात, आणि युनियनचा फलक दाराशी लागला की पोलीस बोलावतात. कोणी दिलेली सहल आणि आपल्या रजेत आपण काढलेली सहल, बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. दुसरीत तारीख कोणी ठरवली, एवढे विचारून पाहावे.

राहता राहिली कागदपत्रे. शेंगेन व्हिसाची फी नव्वद युरो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. विमा किमान तीस हजार युरोंचा लागतो. बोटांचे ठसे द्यावे लागतात. हे सगळे पैसे आणि पायपीट यांनी होते. खरी अडचण दोन कागदांची: पगाराची चिठ्ठी आणि रजा मंजूर असल्याचे मालकाचे पत्र. जगातले सगळे भले लोक कोणाच्या तरी नोकरीत असतात, असे या अर्जाने गृहीत धरले आहे.

चौथ्या मित्राला पत्र देणार कोण? कारखाना म्हणाला, हा आमचा माणूस नव्हे, कंत्राटदाराचा. कंत्राटदार म्हणाला, माझे कंत्राट मेअखेर संपते, जूनची रजा मी कशी मंजूर करू? चौदा वर्षांत त्याचे पाच कंत्राटदार बदलले. प्रत्येक वेळी नोकरी पहिल्या दिवसापासून सुरू, आणि साचलेली रजा शून्य. कारखाना कायद्यात वर्षाला दोनशे चाळीस दिवस भरल्यावर रजेचा हक्क येत असे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितेने तो एकशे ऐंशी दिवसांवर आणला. हे चांगले झाले, आणि मी नव्या संहितांविषयी चांगले क्वचितच बोलतो. पण मालक कोण हेच ठरत नसेल तर दिवस मोजायचे कोणाच्या वहीत? त्या पत्रासाठी मी तीन वेळा कारखान्याच्या दारात बसलो. पत्र मिळाले. त्यात जुनी कंत्राटे लागोपाठ मोडून नवीन केली तरी काम अखंड चालू आहे, असे एक वाक्य आम्ही घालून घेतले. ते वाक्य मला लिस्बनपेक्षा मोलाचे आहे. व्हिसासाठी नव्हे, पुढे कामगार न्यायालयात लागेल म्हणून.

नाखव्याकडे पगाराची चिठ्ठी कोठली? त्याने बोटीचे नोंदणीपत्र, मासेमारीचा परवाना, मच्छीमार सहकारी संस्थेचा दाखला, मासळी विक्रीच्या पावत्या आणि बँकेचे पुस्तक असा गठ्ठा जोडला. पुस्तकात ऑगस्टनंतर जमा आणि जून-जुलैत कोरी पाने. कचेरीतल्या मुलीने विचारले, या दोन महिन्यांत आपण काय करता? तो म्हणाला, सरकार सांगते म्हणून घरी बसतो. ती हसली, पण हसण्याचा शिक्का बसत नाही. त्या दोन कोऱ्या महिन्यांविषयी मी एक पानी खुलासा लिहून दिला, बंदीच्या सरकारी आदेशासह.

आमचे तिघांचे पासपोर्ट व्हिसासह परत आले आहेत. नाखव्याचा आलेला नाही. निर्णयाची साधारण मुदत पंधरा दिवस, ती पंचेचाळीस दिवसांपर्यंत वाढू शकते. नकार आला तर कारण लेखी द्यावे लागते आणि त्यावर अपील करता येते. ही तरतूद मला आवडली. आपल्याकडे कामावरून काढतानाही इतके होत नाही.

तो नाही मिळाला तर काय, यावर गेल्या रविवारी सभा झाली. नाखव्याने स्वतःच ठराव मांडला, की तिघांनी जावे; पेनिशच्या धक्क्यावर बोटी कशा बांधतात त्याचे फोटो आणावेत आणि तारलीला मीठ कधी लावतात ते विचारून यावे. कंडक्टरसाहेबांनी आणि मी विरोध केला. चौथा तटस्थ राहिला. तिकिटाचे पैसे बुडतात हेही त्याला पटत होते आणि आमचेही पटत होते. दोन्ही बाजूंना बोलायला पुरेसा वेळ मिळाला नाही, कारण भरतीची वेळ झाली आणि नाखव्याला बोटीवर जायचे होते. ठराव तहकूब आहे. पुढची सभा येत्या रविवारी, त्याच्या घराच्या ओट्यावर, बोट परत आल्यावर.